मोजणाऱ्याला कोण मोजणार?

उट्रेख्तजवळच्या डे बिल्ट गावात डच हवामान खात्याचं, म्हणजे केएनएमआयचं मुख्यालय आहे. सायकल काढण्याआधी आपण पावसाचा अंदाज बघतो, तेच हे खातं. पण तिथली काही मंडळी आणखी एक काम करत आली आहेत: ७०५ किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या एका उपकरणाची तब्येत सांभाळण्याचं.

त्याचं नाव 'ओमी'. नेदरलँड्स आणि फिनलंड यांनी मिळून बनवलेलं हे उपकरण १५ जुलै २००४ रोजी नासाच्या 'ऑरा' उपग्रहाबरोबर वर गेलं. पृथ्वीवरून परतणाऱ्या सूर्यप्रकाशावरून ते हवेतला ओझोन आणि धुरातून येणारा नायट्रोजन डायऑक्साइड मोजतं.

ओझोनचा थर सावरतो आहे, पण अगदी हळू. ध्रुवप्रदेश वगळता ही वाढ दहा वर्षांत एक टक्काही नाही. तेवढ्यात उपकरणाचीच नजर दोन टक्क्यांनी मंदावली, तर बदल हवेत झाला की यंत्रात, हे कसं कळणार?

उत्तर आपल्या कपाटातलंच आहे. रोजची साडी किती विटली, हे ठेवणीतल्या साडीशेजारी धरल्यावरच कळतं. ओमी रोज सूर्याकडेही बघतं, पण थेट नाही, तर प्रकाश पसरवणाऱ्या एका पृष्ठभागावरून. असे तीन पृष्ठभाग त्यात आहेत. क्वार्ट्झचा रोज वापरायचा, अॅल्युमिनियमचा एक आठवड्यातून एकदा आणि दुसरा महिन्यातून एकदा. रोजचा उन्हाने लवकर विटतो, महिन्याचा सावकाश. तिघांची तुलना केली की विटलं काय आणि किती, ते समजतं.

सगळंच असं सुटत नाही. ओमी खालचा २,६०० किलोमीटरचा पट्टा साठ रांगांमध्ये पाहतं. जून २००७ पासून त्यातल्या काही रांगा चुकीचं दाखवू लागल्या, पुढे त्या वाढत गेल्या. बाहेरचं उष्णतारोधक आवरण सुटून नजरेच्या आड आलं असावं, असा अंदाज आहे. दुरुस्तीला वर कोण जाणार? म्हणून बिघडलेल्या रांगांवर खूण केली जाते आणि त्या हिशेबातून वगळल्या जातात.

मी शाळेत शिकवत असताना 'गाळलेल्या जागा भरा' हा प्रश्न हमखास असे. इथे मात्र गाळलेली जागा तशीच ठेवण्यात प्रामाणिकपणा आहे.

ही राखण फळाला आली. पाच वर्षांसाठी बनवलेलं ओमी वीस वर्षांनंतरही मोजत होतं. ऑक्टोबर २०१७ मध्ये 'ट्रोपोमी' हे त्याचं धाकटं डच भावंडं वर गेलं, तेव्हा त्याची मापं ताडून बघायला थोरलं हजर होतं.