न लिहिलेल्या टिपणाची गोष्ट

पेडणे महालातील कित्येक जुन्या घरांत एखादी पत्र्याची पेटी असते आणि त्या पेटीत पोर्तुगीज भाषेतील कागद असतात. १७८८ साली हा महाल पोर्तुगीजांच्या अमलाखाली गेला व १९६१ पर्यंत राहिला. तेव्हा जमिनीचे कागद त्या भाषेत झाले, यात नवल नाही. आज घरातील कोणास ते वाचता येत नाहीत. मग ती भाषा जाणणाऱ्या एखाद्या वृद्ध गृहस्थास बोलावून आणावे लागते. शहाणा घरधनी अशा वेळी मजकुराचे मराठी टिपण करून त्याच पेटीत ठेवतो. पुढच्या खेपेस त्या गृहस्थांना पुन्हा तसदी नको!

विद्यार्थी मित्रहो, आपल्या संगणक-कक्षात तुम्ही जी पायथन भाषा शिकता, ती अगदी हेच करीत असते. गीदो व्हान रॉसम या डच गृहस्थांनी ती १९९१ साली प्रथम लोकांपुढे ठेवली. (नावावरून काजूच्या बागेतील अजगर आठवतो खरा; पण रॉसम यांनी ते नाव दूरदर्शनवरील एका इंग्रजी विनोदी कार्यक्रमावरून घेतले.) आपण लिहितो ती आज्ञावली यंत्राला जशीच्या तशी उमगत नाही. पायथन ती वाचून प्रथम तिचे एका आटोपशीर मधल्या भाषेत रूपांतर करते. या रूपास ‘बाइटकोड’ म्हणतात. मग पायथनचाच एक भाग ते रूप पायरीपायरीने अमलात आणतो.

हे रूपांतर दर वेळी नव्याने करीत बसणे म्हणजे वेळेचा अपव्यय. म्हणून एका फाइलने दुसरी फाइल मदतीस बोलावली, की त्या दुसऱ्या फाइलचा बाइटकोड पायथन टिपणासारखा जपून ठेवते. मूळ फाइलच्या नावाअखेर ‘पीवाय’ असते, टिपणाच्या नावाअखेर ‘पीवायसी’. २०११ साली आलेल्या ३.२ या आवृत्तीपासून ही टिपणे ‘पायकॅश’ नावाच्या वेगळ्या कप्प्यात राहतात. मूळ फाइल केव्हा बदलली आणि ती केवढी आहे, हेही टिपणात नोंदलेले असते. मूळ बदलले की जुने टिपण बाद होते व नवे तयार होते. इतकी सावधगिरी आपल्या घरच्या पेटीतही क्वचितच आढळेल.

आता ज्या प्रसंगासाठी हा लेख लिहावयास घेतला, त्याकडे वळतो.

आमच्या काही मुलांनी ग्रंथालयातील पुस्तकांची नोंदवही ठेवणारी एक आज्ञावली तयार केली. ती दुसऱ्या एका शाळेस द्यावयाची होती. त्यासाठी साऱ्या फाइली एकत्र बांधून एक गठ्ठा करावा लागतो. संगणकाच्या भाषेत त्यास ‘पॅकेज’ म्हणतात. गठ्ठा बांधण्याचे काम माझ्या संगणकावर होई व आजवर ते बिनबोभाट झाले होते. देण्याच्या दोन दिवस आधी नववीतील एका मुलाने त्यात एका नव्या फाइलची भर घातली. त्याच संध्याकाळी बांधणी मध्येच थांबली. शेवटच्या ओळीत लिहिले होते, ‘फाइल सापडत नाही’, आणि पुढे नाव होते त्या मुलाच्याच फाइलचे.

मग काय विचारता! सर्वांच्या नजरा त्याच्याकडे वळल्या. मीही दोन शब्द जरा कडकच बोललो. दुसऱ्या दिवशी तो कक्षात आला नाही.

एका मुलीने मात्र ती ओळ नीट वाचली. ती म्हणाली, “सर, या नावाअखेर ‘पीवायसी’ आहे. ही फाइल त्याने लिहिलेलीच नाही. ती पायथनने लिहावयाची असते.” बोलणे बिनतोड होते. त्याची मूळ फाइल जागच्या जागी होती. नव्हते ते टिपण. मग आम्ही पडद्यावरील ओळी वर वर वाचीत गेलो. कित्येक ओळी मागे एक साधी सूचना सापडली: ‘बाइटकोड करणे बंद आहे, ते वगळीत आहे.’ ही चूक म्हणून नव्हे, केवळ सूचना म्हणून आली होती, आणि त्यानंतरही काम पुढे चालू राहिले होते. म्हणूनच ती कोणाच्या डोळ्यांत भरली नाही.

पायथनला टिपणे न लिहिण्याविषयी सांगता येते. २००८ सालच्या २.६ या आवृत्तीपासून ही सोय आहे. संगणकाच्या परिसरात ‘पायथन डोन्ट राइट बाइटकोड’ या नावाची एक खूण ठेवली की झाले. खूण असली तरी आज्ञावली ठीक चालते. केवळ आरंभास किंचित अधिक वेळ लागतो. जेथे लिहिण्याची मुभा नाही अशा तबकडीवर, किंवा अडगळ नको म्हणून, लोक तिचा उपयोग करतात. घोटाळा होतो तो बांधणीच्या वेळी. पायथनच्या जुन्या बांधणी-साधनात टिपणे करणारा भाग ही खूण पाहून हात आखडतो; पण काय काय बसविले याची यादी करणारा भाग त्या खुणेची चौकशीच करीत नाही. टिपणे झालीच असणार असे धरून तो त्यांची नावे यादीत घालतो. पुढे आमची गठ्ठा बांधणारी आज्ञावली ती यादी हातात घेऊन एकेक फाइल उचलू लागली आणि पहिल्याच न सापडणाऱ्या नावाशी अडली. यादीत पहिले नाव त्या मुलाच्या फाइलचे होते, एवढाच त्याचा अपराध. दुसरे टिपण तरी कोठे होते?

असा प्रसंग आल्यास प्रथम पायथनलाच विचारावे. तिच्या ‘सिस’ या भागात ‘डोन्ट राइट बाइटकोड’ नावाचा एक गुण असतो. त्याचे उत्तर ‘ट्रू’ आले, तर टिपणे बंद आहेत. मग परिसरातील ती खूण काढून टाकावी, अर्धवट बांधणी पुसावी व आरंभापासून पुन्हा बांधावे. टिपणे नकोच असतील, तर बांधतानाच ‘नो कम्पाइल’ असे स्पष्ट सांगावे, म्हणजे यादीतही त्यांची नावे येत नाहीत. माझ्या मते हाच मार्ग बरा. एका आवृत्तीचे टिपण दुसऱ्या आवृत्तीस सहसा चालत नाही, मग ते परगावी कशाला धाडावे? हल्लीचे ‘व्हील’ नावाचे गठ्ठे बहुधा मूळ फाइलीच नेतात. ‘पिप’ हे साधन त्या बसविताना ज्या त्या संगणकावर टिपणे करून घेते. ते जुने साधनही २०२३ साली आलेल्या ३.१२ या आवृत्तीतून वगळण्यात आले आहे; ‘सेटअपटूल्स’ने मात्र त्याची प्रत आपल्यापाशी ठेवली आहे.

राहता राहिला प्रश्न, ती खूण माझ्या संगणकावर ठेवली कोणी? मीच. मुलांच्या फाइली पेनड्राइव्हवर उतरविताना ‘पायकॅश’चे कप्पे मध्येच येतात, म्हणून वैतागून त्याच आठवड्यात मी ती ओळ लिहिली होती व साफ विसरलो होतो.

ओळ पुसली, गठ्ठा बांधला गेला. सायंकाळी मी त्या मुलाच्या घरी गेलो. तो अंगणात सुपाऱ्या सोलीत बसला होता. झालेली हकीकत मी त्याला त्याच्या आईवडिलांदेखत सांगितली. त्याने सारे ऐकून घेतले आणि विचारले, “सर, मग यादी करणारा भाग ती खूण का पाहत नाही?”