विश्लेषण : रहस्यकथेत वाचकाची फसवणूक कधी होते?

अगाथा ख्रिस्ती यांची ‘द मर्डर ऑफ रॉजर अॅक्रॉइड’ ही कादंबरी १९२६ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिच्या शेवटावरून वाद पेटला. लेखिकेने वाचकांना फसवले, असा काहींचा आक्षेप होता.

नियम कोणते?

रहस्यकथा हा लेखक आणि वाचक यांच्यातील बुद्धीचा डाव मानला जाई. इंग्लंडमधील धर्मगुरू आणि रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये त्याचे दहा नियम मांडले. गुप्तहेराला सापडलेला धागा वाचकालाही दिसला पाहिजे. योगायोगाने किंवा दैवी शक्तीने उकल होता कामा नये, हे त्यातील प्रमुख. १९३० मध्ये स्थापन झालेल्या ब्रिटिश रहस्यकथाकारांच्या ‘डिटेक्शन क्लब’मध्ये सदस्यांना तशी शपथच घ्यावी लागे.

मग ख्रिस्ती चुकल्या का?

सहलेखिका डोरोथी सेयर्स यांनी त्यांची बाजू घेतली. सर्वांवर संशय घेणे हे वाचकाचे काम, असे त्यांचे म्हणणे. कादंबरी दुसऱ्यांदा वाचली की ते पटते. धागे पहिल्यापासून समोरच असतात, आपणच त्यांवरून पुढे गेलेलो असतो. गुन्हेगार ठाऊक असूनही पुस्तक पुन्हा हाती घ्यावेसे वाटते, ते यामुळेच. पुढे याच क्लबच्या ख्रिस्ती अध्यक्षा झाल्या.