यीस्ट आणि काचेतली कोळंबी

पावाचे पीठ कशाने फुगते? यीस्टने. गोव्याचे पोदेर पूर्वी पिठात माडाची सूर घालीत. त्या सुरेतही यीस्टच असते. यीस्ट म्हणजे बुरशीच्या जातीचा जीव. एकेकटा तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. वाळलेल्या यीस्टमध्ये 100 भागांत 40 भागांवर प्रथिने असतात. ब जीवनसत्त्वेही असतात. म्हणजे खाद्य कसदार. मग ते कोळंबीला का देऊ नये?

आमच्याकडे काचेची टाकी आहे. तीत 40 लिटर पाणी मावते. आत पाणवनस्पती लावल्या आहेत. तांबडी चेरी कोळंबी तीत राहते. ही जात चीन-तैवानकडची. पुरी वाढली तरी बोटाच्या पेराएवढी. पिल्लू तर तांदळाच्या कणीएवढं! मोठी कोळंबी पानांवरचा बुळबुळीत थर खरवडून खाते. पिल्लू लांब फिरत नाही. त्याला जागच्या जागी अन्न हवे. यीस्ट पाण्यात पसरते, पानांवर बसते. पिल्ले ते वेचून खातात. यीस्टवर वाढणारे बारीक जीवही खातात.

पहिल्या खेपेस आम्ही चूक केली. संध्याकाळी चमचाभर यीस्ट टाकीत टाकलं. पाणी ताकासारखं झालं. आम्ही म्हटलं, खाऊ देत पोटभर! सकाळी पाहतो तो काय, बरीच कोळंबी मेलेली. उरलेली पाण्याच्या वरच्या काठाशी जमलेली.

असे का झाले? यीस्ट प्राणवायू घेते. उरलेले यीस्ट कुजवणारे जंतूही घेतात. वनस्पती दिवसा उजेडात प्राणवायू सोडतात खऱ्या, पण रात्री त्यासुद्धा घेतातच. देणारा कुणी नाही, घेणारे सगळे. कोळंबीला काय उरणार?

आता आम्ही यीस्टचे चार-पाच दाणे वाटीभर पाण्यात उकळतो. यीस्ट मरते, प्रथिने राहतात. गार झाल्यावर त्यातले दोन चमचे पाणी सकाळी टाकीत घालतो. आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा. दुपारपर्यंत टाकीतले पाणी निवळले पाहिजे. निवळले नाही तर पाव हिस्सा पाणी बदलतो, आणि पुढची पाळी चुकवतो.

पाव करताना यीस्ट जागवायला साखर घालतात. इथे घालू नये. साखर मिळाली की यीस्ट दारू आणि कर्बवायू तयार करते. काही हौशी लोक बाटलीत साखर-यीस्ट ठेवून तो वायू नळीने वनस्पतींना देतात. त्या बाटलीतले पाणी मात्र टाकीत पडू देऊ नये.

आणखी एक. वाटी तांब्याची नको. तांबे कोळंबीला विष आहे.