ओव्हरक्लॉक केलेल्या गृहसंगणकाचे शीतन : साधनाची निवड

१. विषयाचे स्वरूप

संगणकाचा प्रोसेसर उत्पादकाने नेमून दिलेल्या वारंवारतेपेक्षा अधिक वारंवारतेने चालविणे, यास ओव्हरक्लॉकिंग अशी संज्ञा आहे. १९९८ मध्ये बाजारात आलेला इंटेल कंपनीचा ‘सेलेरॉन ३००ए’ हा प्रोसेसर ३०० मेगाहर्ट्‌झ वेगाचा म्हणून विकला जात असे. परंतु मदरबोर्डाची मूळ वारंवारता ६६ वरून १०० मेगाहर्ट्‌झवर नेली असता तो पुष्कळदा ४५० मेगाहर्ट्‌झ वेगानेही सुरळीत चाले. अशा अनुभवांमुळे हा प्रयोग हौशी मंडळींत लोकप्रिय झाला. दीर्घ गणिते घरच्या संगणकावर करणाऱ्या अभ्यासकालाही त्याचा मोह पडणे स्वाभाविक आहे.

वेगाबरोबर उष्णता वाढते आणि शीतनाचा प्रश्न उभा राहतो. हा प्रश्न बहुधा ‘हवा की पाणी’ अशा स्वरूपात मांडला जातो. वस्तुतः उष्णतेच्या मार्गातील सर्वांत मोठा अडथळा कोठे आहे, हा त्यातील खरा प्रश्न होय. तो न विचारता केलेली खरेदी कितीही महाग असली तरी निष्फळ ठरण्याचा संभव असतो.

२. उष्णतेची उत्पत्ती

प्रोसेसरमधील असंख्य ट्रान्झिस्टर क्षणोक्षणी चालू व बंद होत असतात. या उघडझापेत खर्च होणारी शक्ती वारंवारतेच्या प्रमाणात, आणि विद्युद्दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वारंवारता वाढवावयाची तर बहुधा विद्युद्दाबही वाढवावा लागतो. येथेच खरी अडचण आहे. समजा, वारंवारता ३.९ वरून ४.५ गिगाहर्ट्‌झ आणि विद्युद्दाब १.१० वरून १.२५ व्होल्ट केला. वेग सुमारे १५ टक्क्यांनी वाढला, परंतु १.१५ ला दाबांच्या गुणोत्तराच्या वर्गाने, म्हणजे १.२९ ने, गुणिले असता शक्ती सुमारे १.४९ पट होते. तात्पर्य, १५ टक्के वेगासाठी जवळजवळ ५० टक्के अधिक उष्णता बाहेर काढावी लागते. याशिवाय बंद स्थितीतील ट्रान्झिस्टरमधून झिरपणारा प्रवाह तापमानाबरोबर वाढत असल्याने उष्णता उष्णतेस जन्म देते, ती निराळीच.

३. उष्णतेचा मार्ग

ही उष्णता प्रथम सिलिकॉनच्या चकतीतून धातूच्या झाकणात, तेथून थर्मल पेस्टच्या पातळ थरातून कूलरच्या तळाशी, आणि अखेरीस कूलरमधून हवेत जाते. विद्युत्‌मंडलात एकापुढे एक जोडलेल्या रोधांची ज्याप्रमाणे बेरीज होते, त्याचप्रमाणे या टप्प्यांच्या उष्णतारोधांचीही बेरीज होते. दर वॅटमागे तापमानात किती अंशांचा फरक पडतो, हे त्याचे परिमाण होय.

उदाहरणादाखल १५० वॅट उष्णता घेऊ. चकती ते झाकण हा रोध ०.२०, पेस्टचा ०.०५ आणि कूलरचा ०.१५ मानल्यास एकूण रोध ०.४० होतो, म्हणजे चकती सभोवतालच्या हवेपेक्षा ६० अंशांनी अधिक तापेल. आता मोठा खर्च करून ०.१० रोधाचा कूलर बसविला, तर हा फरक ५२.५ अंश होईल. लाभ केवळ साडेसात अंशांचा. परंतु झाकणाखालील रोध निम्मा करता आला असता, तर जुन्याच कूलरने १५ अंशांचा लाभ झाला असता. कूलर कितीही उत्तम असला तरी त्याचा अंमल आपल्या वाट्याच्या टप्प्यापुरताच चालतो.

४. एक उद्बोधक उदाहरण

वरील विधानाचा प्रत्यय २०१२ मध्ये चांगलाच आला. इंटेलच्या २०११ मधील ‘कोअर आय७-२६००के’ या प्रोसेसरची चकती सुमारे २१६ चौरस मिलिमीटरची असून झाकण तिच्यावर डाख देऊन बसविलेले होते. पुढील वर्षीच्या ‘आय७-३७७०के’ची चकती सुमारे १६० चौरस मिलिमीटरची होती, आणि डाखाची जागा पेस्टने घेतली होती. नव्या प्रोसेसरची नेमलेली उष्णता ९५ ऐवजी ७७ वॅट, म्हणजे कमीच होती. तरीही ओव्हरक्लॉक केल्यावर, तोच कूलर असताना, नवा प्रोसेसर जुन्यापेक्षा अधिक तापत असल्याचे आढळून आले.

कारणे दोन होती. एक, उष्णता कमी असली तरी ती लहान क्षेत्रफळातून बाहेर पडत होती : जुन्यात दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ४४ वॅट, तर नव्यात ४८ वॅट. दुसरे, डाखाच्या मानाने पेस्टची उष्णतावाहकता पुष्कळच कमी, आणि झाकण चिकटविणाऱ्या गोंदामुळे तिचा थरही जाड राहत असे. हौशी प्रयोगकर्त्यांनी झाकण काढून तो थर बदलताच तापमान दहा अंशांहून अधिक उतरल्याचे अनुभव आले. मात्र हा उपाय सर्वांनी करण्याजोगा नव्हे. त्यात हमी जाते, चकती तडकण्याचे भय असते, आणि गॅलियमयुक्त द्रवधातू वापरल्यास तो ॲल्युमिनियम पोखरतो. २०१८ च्या ‘आय९-९९००के’मध्ये डाख पुन्हा अवलंबिण्यात आला.

५. हवा आणि पाणी

हवेच्या उत्तम कूलरमध्येही उष्णता वाहून नेण्याचे मुख्य कार्य पाणीच करते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. १९६३ मध्ये लॉस अलामॉस येथे जॉर्ज ग्रोव्हर यांनी प्रयोगाने सिद्ध केलेली उष्णतानलिका, म्हणजेच हीट पाइप, हा अशा कूलरचा प्राण होय. तांब्याच्या बंद नळीत हवेचा अंश काढून थोडे पाणी ठेवलेले असते. तप्त टोकाशी त्याची वाफ होते, पात्यांच्या बाजूस ती निवते, आणि नळीच्या आतील सच्छिद्र अस्तरातून केशाकर्षणाने पाणी परत येते. या व्यवहारात दर किलोग्रॅममागे सुमारे २,३५० किलोज्यूल सुप्त उष्णता वाहिली जाते. त्यात पंप नाही, की झिजणारा भाग नाही. झिजतो तो केवळ पंखा, आणि तो अल्प खर्चात बदलता येतो.

पाण्याच्या बंद कूलरमध्ये पंप, नळ्या आणि रेडिएटर असतात. मिनिटाला एक लिटर प्रवाह २०० वॅट वाहून नेताना केवळ तीन अंशांनी तापतो. म्हणून वहनात पाणी सरस आहे, यात संशय नाही. तथापि शेवटी ती उष्णता रेडिएटरच्या पात्यांवरून हवेलाच द्यावयाची असते. त्याचा खरा लाभ हा की, प्रोसेसरजवळ न मावणारे मोठे पृष्ठफळ पेटीच्या कडेस नेता येते. पंपाची झीज, नळ्यांतून द्रवाचे सावकाश झिरपणे आणि गळतीचा धोका ही त्याची किंमत होय. पंप सर्व मंडलात सर्वांत उंच जागी येऊ देऊ नये. कारण तेथे हवा साचते. शिवाय पाणी हळूहळू तापत असल्याने पाच मिनिटांच्या चाचणीत असा कूलर वास्तवाहून सरस भासतो. अर्ध्या तासानंतरचे तापमानच ग्राह्य मानावे.

दोन्ही प्रकारांत मोठा व संथ पंखा लहान व वेगवान पंख्याहून श्रेयस्कर. पंख्याचा वेग दुप्पट केल्यास हवेचा प्रवाह दुप्पट होतो, परंतु आवाज सुमारे १५ डेसिबलने आणि लागणारी शक्ती आठपट वाढते. पेटीतून २०० वॅट उष्णता बाहेर काढताना हवा दहाच अंशांनी तापावी असे वाटत असेल, तर मिनिटाला सुमारे एक घनमीटर हवा खेळती राहिली पाहिजे.

६. खोलीच्या तापमानाची मर्यादा

हवेचा किंवा पाण्याचा कोणताही साधा कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. पूर्वोक्त उदाहरणातील ६० अंशांचा फरक २५ अंशांच्या खोलीत ८५ अंश दाखवील. नागपुरात मे महिन्यात खोली ४० अंशांवर गेली, तर तोच प्रोसेसर १०० अंशांस टेकेल. या सीमेच्या आसपास बहुतेक प्रोसेसर आपला वेग आपणच कमी करतात, आणि ओव्हरक्लॉकिंगचा हेतूच विफल होतो. विदर्भात वाळ्याच्या कूलरने खोली आठ अंशांनी उतरविली, तर प्रोसेसरही जवळजवळ तितकाच उतरतो. म्हणून अशा प्रदेशात चाचणी हिवाळ्यात करून समाधान मानणे योग्य नव्हे.

१८३४ मध्ये ज्ञात झालेल्या पेल्टिए परिणामावर आधारलेली साधने खोलीपेक्षाही थंडावा देऊ शकतात. परंतु ती स्वतःची उष्णता मूळ उष्णतेत मिळवितात. त्याहून मोठा धोका दवाचा. हवा ३० अंश आणि सापेक्ष आर्द्रता ८० टक्के असता दवबिंदू सुमारे २६ अंशांवर असतो. कोकणातील पावसाळ्यात त्याखाली गेलेल्या पृष्ठभागावर पाणी जमल्यावाचून राहणार नाही, आणि मदरबोर्डाच्या दृष्टीने ते घातकच होय.

७. निवडीचा क्रम

प्रथम नेहमीच्या कामाचा पूर्ण भार अर्धा तास देऊन प्रोसेसरची शक्ती, त्याचे तापमान आणि खोलीचे तापमान यांची नोंद करावी. त्यानंतर पेटीची झडप उघडून तीच चाचणी पुन्हा घ्यावी. तापमान बरेच उतरले, तर दोष हवेच्या अभिसरणाचा आहे, कूलरचा नव्हे. पाण्याच्या कूलरमध्ये द्रवाचे तापमान वाचता येते. द्रव खोलीहून थोडाच उष्ण आणि चकती मात्र अतितप्त असेल, तर अडथळा झाकणाच्या आसपास असून मोठ्या रेडिएटरने तो दूर होणार नाही. द्रवच फार तापत असेल, तरच मोठा रेडिएटर उपयोगी.

साधारण १५० वॅटपर्यंत उष्णतानलिकांचा चांगला कूलर बहुधा पुरेसा होतो. त्याहून बरीच अधिक उष्णता दीर्घकाळ काढावयाची असेल, किंवा पेटीत उंच कूलरला जागा नसेल, तरच पाण्याचा विचार करावा. पात्यांतील धूळ वेळोवेळी झाडणे हे दोहोंतही अगत्याचे. आजचे अनेक प्रोसेसर तापमानास वाव असेल तितकी वारंवारता स्वतःच वाढवितात. त्यामुळे विद्युद्दाब किंचित उतरविणे हा बिनखर्चाचा उपाय प्रथम करून पाहावा.

अखेरचा मुद्दा विश्वसनीयतेचा. संगणक बंद पडला तर दोष उघड होतो. परंतु गणितात एखादा अंक चुकून काम पुढे चालू राहिले, तर चुकीचे उत्तर बरोबर म्हणून स्वीकारले जाते. मर्सेन अविभाज्य संख्यांच्या शोधासाठी १९९६ मध्ये सुरू झालेल्या उपक्रमातील ‘प्राइम९५’ या प्रणालीत, ज्ञात उत्तरांशी ताडून पाहणारी कठोर चाचणी अंतर्भूत आहे. ती अनेक तास, आणि शक्यतो वर्षातील उष्णतम दिवसांत, निर्दोष पार पडल्याखेरीज वाढविलेला वेग मिळाला असे मानू नये. जो वेग उत्तराची खात्री देत नाही, तो अभ्यासकाच्या कामाचा नव्हे. आणि कूलरची योग्यता त्याच्या किमतीवरून नव्हे, तर या खात्रीवरूनच ठरवावयाची असते.