साम्याची टक्केवारी आणि निर्णयाची सही : विद्यापीठीय प्रशासनातील कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी

तौलनिक साहित्याभ्यासात 'साम्य' ही संज्ञा आपण सहसा जपून वापरतो. दोन कृतींत साम्य आढळले एवढ्यावरून प्रभाव सिद्ध होत नाही; प्रभाव सिद्ध झाला तरी अनुकरण सिद्ध होत नाही; आणि अनुकरण मान्य केले तरी ते चौर्यच असते असे नाही. यांतील प्रत्येक पायरीला निराळा पुरावा आणि निराळा युक्तिवाद लागतो, ही समज या ज्ञानशाखेने बऱ्याच वादविवादांनंतर कमावलेली आहे. विद्यापीठांच्या कार्यालयांत मात्र गेल्या काही वर्षांत या साऱ्या पायऱ्या एकाच आकड्यात गोळा होऊ लागल्या आहेत. प्रशासनाचा विषय साहित्याच्या अभ्यासकांपुढे मांडण्याचे प्रयोजन एवढेच, की ज्या प्रश्नाचे उत्तर यंत्राकडून मागितले जात आहे तो मुळात आपल्या शास्त्राचा प्रश्न आहे.

विद्यापीठीय प्रशासनात कृत्रिम बुद्धिमत्तेचे उपयोग अनेक आहेत. प्रवेशासंबंधीच्या शंकांना उत्तरे देणे, वेळापत्रक आखणे, पत्रव्यवहाराचे मसुदे करणे ही कामे त्यांत येतात. त्यांविषयी येथे विशेष काही म्हणावयाचे नाही. वेळापत्रक चुकले तर ते दुरुस्त करता येते. ज्या कामांत विद्यार्थ्याच्या पदवीचा, नोंदणीचा किंवा सचोटीचा निर्णय होतो, तेथे जबाबदारीचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहतो.

त्याचे एक बोलके उदाहरण चंदीगढ येथील पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयात नोव्हेंबर २०२४ मध्ये आले. सोनिपत येथील ओ. पी. जिंदल विद्यापीठात विधी शाखेची पदव्युत्तर पदवी घेणाऱ्या एका विद्यार्थ्याने एका विषयाच्या सत्रान्त परीक्षेत दिलेली उत्तरे ८८ टक्के कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहिलेली आहेत, असा निष्कर्ष तेथील गैरप्रकारविषयक समितीने काढला आणि त्याला त्या विषयात अनुत्तीर्ण ठरवण्यात आले. उत्तरे आपणच लिहिली आहेत, अशा साधनांच्या वापरास मनाई करणारा स्पष्ट नियम विद्यापीठाने केलेला नाही आणि आरोपाला आधार म्हणून पुरावाही दिलेला नाही, असे विद्यार्थ्याचे म्हणणे होते. न्यायालयाने विद्यापीठाकडे उत्तर मागितले. पुढे विद्यार्थ्याला उत्तीर्ण ठरवून नवे गुणपत्रक दिल्याचे विद्यापीठाने कळवले आणि याचिका निकाली निघाली. विद्यार्थ्याला न्याय मिळाला असे म्हणता येईल. पण ८८ हा आकडा पुरावा म्हणून ग्राह्य आहे काय, या प्रश्नाची तड मात्र लागली नाही. उत्तराची सर्वांत अधिक निकड असलेला प्रश्न अनिर्णित राहिला, ही हळहळ वाटण्याजोगी गोष्ट आहे.

हा आकडा कसा तयार होतो हे समजून घेतले पाहिजे, कारण कार्यालयांत दोन अगदी भिन्न आकड्यांची सर्रास गल्लत होते. पहिला आकडा साम्यशोधक प्रणालीचा. ही प्रणाली सादर केलेल्या मजकुराचे तुकडे करून ते आपल्या संग्रहातील ग्रंथ, नियतकालिके, प्रबंध आणि संकेतस्थळे यांच्याशी ताडून पाहते आणि जुळलेला भाग मूळ स्रोतासह दाखवते. त्यावर वाद घालता येतो: स्रोत उघडून पाहता येतो, दोन्ही परिच्छेद शेजारी ठेवता येतात, 'हे अवतरण आहे, हा घ्या संदर्भ' असे सांगता येते. दुसरा आकडा कृत्रिम बुद्धिमत्तेचे लेखन ओळखू पाहणाऱ्या प्रणालीचा. तिच्याजवळ दाखवण्यासारखा स्रोतच नसतो. अशा प्रणाली मजकुरातील भाषिक लक्षणे तपासतात. प्रत्येक पुढचा शब्द कितपत अपेक्षित आहे, वाक्यांची ठेवण किती एकसारखी आहे, यांसारख्या गोष्टींवरून त्या अंदाज बांधतात. म्हणजे पहिला आकडा जुळणीचा आणि दुसरा अनुमानाचा. दोन्ही टक्केवारीच्याच वेषात येत असल्याने कारकुनाच्या, आणि पुष्कळदा प्राध्यापकाच्याही, नजरेला ते सारखेच दिसतात.

दुसऱ्या प्रकारातला धोका सैद्धान्तिक नाही. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये अशा सात प्रणाली तपासल्या. इंग्रजी ही मातृभाषा नसलेल्या परीक्षार्थींनी टोफेल परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध त्यांनी या प्रणालींना दिले. सरासरी निम्म्याहून अधिक निबंध यंत्रलिखित ठरवले गेले. अमेरिकेतील आठवीच्या विद्यार्थ्यांचे निबंध मात्र जवळजवळ अचूक ओळखले गेले. कारण उघड आहे. परभाषेत लिहिणारा माणूस परिचित शब्द आणि सरधोपट रचना यांचा आश्रय घेतो, आणि नेमके तेच या प्रणालींना यंत्राचे लक्षण वाटते. चॅटजीपीटीची निर्मिती करणाऱ्या ओपनएआय या कंपनीनेही आपली अशी प्रणाली अचूकतेच्या अभावी जुलै २०२३ मध्ये मागे घेतली. मराठी, पंजाबी किंवा हिंदी माध्यमातून येऊन इंग्रजीत प्रबंध लिहिणारा विद्यार्थी या टोफेल परीक्षार्थींच्याच रांगेत उभा आहे, हे वेगळे सांगावयास नको.

आता नियमांकडे वळू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक विनियमांत साम्याचे चार स्तर सांगितले आहेत. १० टक्क्यांपर्यंत शिक्षा नाही. १० ते ४० टक्क्यांपर्यंत ठरावीक मुदतीत, जास्तीत जास्त सहा महिन्यांत, सुधारित प्रबंध सादर करावयाचा. ४० ते ६० टक्क्यांपर्यंत एक वर्ष तो सादर करण्यास मनाई. आणि ६० टक्क्यांपुढे नोंदणी रद्द. हे स्तर सर्वांना पाठ असतात. त्याच विनियमांतील दुसरा भाग मात्र फारसा उद्धृत होत नाही. योग्य निर्देशासह घेतलेली अवतरणे, संदर्भसूची, रूढ संज्ञा आणि कायद्यांचे मजकूर साम्यातून वगळावेत असे त्यात म्हटले आहे. सलग चौदा शब्दांपर्यंतचे सर्वसामान्य किंवा योगायोगाने जुळलेले शब्दही त्यात मोजावयाचे नाहीत. शिवाय प्रकरणाची चौकशी विभागीय पातळीवरील शैक्षणिक सचोटी समितीने आणि नंतर संस्थापातळीवरील समितीने करावयाची आहे. विभागीय समितीत विभागाबाहेरचा एक ज्येष्ठ अध्यापक असतो आणि प्रणालींची माहिती असलेला एक जाणकारही असतो. म्हणजे विनियमांना वाचक अपेक्षित आहे. वाचक गाळून आकडा ठेवणे हा व्यवहाराचा प्रताप, विनियमांचा नव्हे. आणि कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहिलेल्या मजकुराच्या अनुमानाला या चार स्तरांत जागाच नाही. ते लिहिले गेले तेव्हा हा प्रश्न उपस्थित झालेला नव्हता. त्या स्तरांच्या मापाने ८८ टक्क्यांना शिक्षा देणे म्हणजे तापमापकाने वजन करण्यासारखे आहे.

वाचकाचे काम कोणते, हे आपल्या परंपरेने फार पूर्वीच मांडून ठेवले आहे. नवव्या शतकात आनंदवर्धनाने ध्वन्यालोकाच्या चौथ्या उद्द्योतात दोन कवींच्या रचनांतील संवादाचे तीन प्रकार कल्पिले: आरशातील प्रतिबिंबासारखा, चित्रासारखा आणि दोन देहधारी व्यक्तींमधील साम्यासारखा. पहिले दोन त्याज्य आणि तिसरा ग्राह्य, असा त्याचा निवाडा आहे; कारण तिसऱ्यात देहाची ठेवण सारखी असली तरी आत्मा स्वतंत्र असतो. महाराष्ट्राशी कुळाचे नाते सांगणाऱ्या राजशेखराने काव्यमीमांसेत शब्दहरण आणि अर्थहरण यांची चर्चा स्वतंत्र अध्यायांत केली आणि या तीन प्रकारांना 'परपुरप्रवेशसदृश' या चौथ्याची जोड दिली. या दोघांनाही साम्य किती हा प्रश्न गौण वाटतो. ते कोणत्या जातीचे आहे हे त्यांना ठरवावयाचे आहे. साम्यशोधक प्रणाली प्रतिबिंब तेवढे चांगले पकडते. चित्र तिच्या हातून बहुधा निसटते, आणि देहसाम्य व चौर्य यांतला भेद सांगणे तर तिच्या आवाक्याबाहेरचे आहे.

मराठीतील प्रबंधांच्या बाबतीत हे सहज पडताळून पाहता येते. प्रणालीच्या संग्रहात जे नाही त्याच्याशी ती मजकूर ताडू शकत नाही. अंकीकरण न झालेल्या जुन्या मराठी पुस्तकातून पानेच्या पाने उचलली तरी अहवालात दोन-तीन टक्के दिसू शकतात. इंग्रजी ग्रंथाचा निर्देशाविना केलेला अनुवादही सुखरूप पार पडू शकतो. उलट, प्रामाणिकपणे ओव्या-अभंग उद्धृत करणारा विद्यार्थी पद्याला अवतरणचिन्हे न घालण्याच्या आपल्या रूढीमुळे अडचणीत येण्याचा संभव असतो.

पंजाबशी मराठीचा सर्वांत जुना वाङ्मयीन दुवा म्हणजे संत नामदेव, आणि त्यांचे उदाहरण येथे अधिकच उद्बोधक आहे. गुरु ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे गुरुमुखी लिपीत आहेत; मराठी गाथेतील अभंग देवनागरीत आहेत. मराठी गाथेत विष्णुदास नामा आणि इतर नाम्यांच्या रचना मिसळल्या आहेत, त्यामुळे कोणती रचना कोणाची हा वाद अभ्यासकांत दीर्घकाळ चालत आला आहे. भाषा, छंद, हस्तलिखितांची परंपरा, संप्रदायाची स्मृती अशा नाना अंगांनी तो लढवला जातो. नाममुद्रा सारखी, विषय सारखा, शब्दही पुष्कळसे सारखे, तरी कर्ते निराळे! अक्षरांची जुळणी पाहणारे यंत्र येथे एकीकडे लिपी बदलली म्हणून साम्य नाकारील आणि दुसरीकडे शब्द जुळले म्हणून भिन्न कर्त्यांना एक करील. जो प्रश्न अभ्यासकांना पिढ्यान्पिढ्या पुरतो, तो परीक्षा विभागात एका दुपारी सुटावा अशी अपेक्षा कशी करावी?

यंत्रावर सारा दोष टाकण्याचा येथे हेतू नाही. मुंबई विद्यापीठात २०१७ च्या उन्हाळ्यात उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची पद्धत घाईने लागू झाली. गुण प्राध्यापकच देत होते, यंत्र केवळ वाहक होते. तरीही ३१ जुलैची मुदत हुकली, निकाल महिनोन् महिने लांबले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. इंग्लंडमध्ये ऑगस्ट २०२० मध्ये महासाथीमुळे रद्द झालेल्या ए-लेव्हल परीक्षांचे निकाल गणिती सूत्राने लावले गेले. सुमारे ४० टक्के श्रेणी शिक्षकांच्या अंदाजापेक्षा खाली आल्या, कारण सूत्राने शाळेच्या पूर्वीच्या निकालांना वजन दिले होते. तीव्र निषेधानंतर काही दिवसांतच ते निकाल मागे घ्यावे लागले. दोन्ही ठिकाणी तंत्र भिन्न होते. सामान्य गोष्ट एवढीच, की 'माझ्याच बाबतीत असे का झाले' या विद्यार्थ्याच्या प्रश्नाला उत्तर देणारा माणूस व्यवस्थेत कोठेच नेमलेला नव्हता.

कायद्याच्या दृष्टीने हे उत्तर देणे म्हणजे मेहरबानी नव्हे. प्रशासकीय अधिकाऱ्याने निवाडा करताना कारणे नोंदवली पाहिजेत, हे सर्वोच्च न्यायालयाने एस. एन. मुखर्जी प्रकरणात १९९० मध्ये स्पष्ट केले. आदित्य बंदोपाध्याय प्रकरणात २०११ मध्ये तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा परीक्षार्थीचा हक्क माहिती अधिकाराखाली मान्य झाला. उत्तरपत्रिका पाहता येत असेल, तर तिच्यावर बेतलेला यंत्राचा अहवाल का पाहता येऊ नये? माझ्या मते तो मागण्याआधीच, नोटिशीसोबत, दिला गेला पाहिजे. युरोपीय संघाच्या २०२४ च्या कायद्याने प्रवेश, मूल्यमापन आणि परीक्षेवरील देखरेख यांसाठी वापरल्या जाणाऱ्या प्रणाली 'उच्च जोखमी'च्या वर्गात टाकल्या आहेत आणि त्यांवर मानवी देखरेख आवश्यक ठरवली आहे. आपल्याकडे २०२३ चा वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा आहे. पण अप्रकाशित प्रबंध कोणत्याही फुकट संकेतस्थळावर चढवून 'तपासून' घेण्याची सवय अजून सुटलेली नाही.

चंदीगढच्याच उच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये या बाबतीत एक वस्तुपाठ नकळत घालून दिला आहे. जामिनाच्या एका प्रकरणात न्यायमूर्तींनी चॅटजीपीटीला जामिनाच्या तत्त्वांविषयी एक सर्वसाधारण प्रश्न विचारला. त्यांनी तसे केले ते योग्य की अयोग्य, यावर मतभेद होऊ शकतो. परंतु विचारलेला प्रश्न आणि आलेले उत्तर दोन्ही त्यांनी आदेशात नोंदवली, आणि हा संदर्भ केवळ व्यापक चित्र समजून घेण्यासाठी आहे, प्रकरणाच्या गुणदोषांवर ते मत नव्हे, असेही लिहिले. यंत्राचा वापर त्यामुळे उघड झाला, आणि उघड झाल्यामुळेच त्यावर टीका करता आली.

विद्यापीठाच्या फाइलीत हेच यावयास हवे: कोणती प्रणाली वापरली, तिने कोणता भाग दाखवला, तो भाग आणि त्याचा स्रोत कोणी प्रत्यक्ष वाचला, विद्यार्थ्याने काय खुलासा केला आणि तो कोणत्या कारणाने स्वीकारला किंवा फेटाळला. अनुमानाच्या आकड्यावर शिक्षा नको. संशय असेल तर विद्यार्थ्याला समोर बसवून त्याच्या प्रबंधावर तासभर बोलावे, मौखिक परीक्षेची सोय आपल्याकडे आहेच. सही यंत्राला करता येत नाही. ती विभागप्रमुखाची असेल, तर भारतीय भाषांतील प्रबंधांसाठी त्या समितीत ती भाषा आणि तिचे वाङ्मय जाणणारा एक वाचक असणे अपरिहार्य ठरते. मराठीपासून दूरच्या विद्यापीठात असा वाचक सहजी मिळत नाही, तो बाहेरून बोलवावा लागतो. त्याच्या प्रवासखर्चाची आणि मानधनाची तरतूद प्रणालीच्या वार्षिक वर्गणीच्या शेजारीच अंदाजपत्रकात केलेली असावी.