ब्रेक लावतांच स्टीअरिंग कां थरथरतें?

ज्या घरांच्या अंगणांत पूर्वीं छकडा सोडलेला असे, तेथें आतां चारचाकी मोटार उभी दिसते. नांदूरघाट व आसपासच्या बालाघाटावरील गांवांतून बाजारास, दवाखान्यास किंवा केज-बीडच्या कचेरीस जावयाचें झालें कीं तीच बाहेर निघते. या मोटारींविषयीं एक तक्रार वारंवार आमच्या कानीं येते. गाडी सरळ रस्त्यावर नीट चालते. परंतु वेगांत असतां ब्रेक लावला कीं हातांतील स्टीअरिंग डावें-उजवें थरथरूं लागतें, आणि ब्रेक सोडतांच थांबतें. यावर मिळणारें उत्तरही ठरलेलें आहे: "ब्रेक तापून डिस्क वांकली, नवी टाका." मालक पैसे मोजतो, नवी डिस्क बसते, थरथर जाते, आणि कांहीं महिन्यांनीं ऐन हंगामाच्या धांदलींत ती परत येते. असें कां होतें, व पैसे मोजण्यापूर्वीं काय पाहावें, हें आमच्या वाचकांस सांगावें म्हणून हा लेख.

डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी बिडाची चकती. पायानें ब्रेक दाबला कीं तेलाच्या दाबानें दोहों बाजूंचे पॅड तिला चिमटा घेतात. ही युक्ति फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज यंत्रज्ञानें १९०२ सालीं आपल्या नांवें नोंदविली. आपल्याकडील जुन्या जीपगाड्यांस मात्र चारी चाकांना ड्रमच असत. आज पुष्कळ गाड्यांस पुढें डिस्क व मागें ड्रम असा संसार असतो. ही चकती सर्व घेरांत सारख्या जाडीची असेल तर पकडही सारखी बसते. एके ठिकाणीं जाड व दुसऱ्या ठिकाणीं पातळ असेल तर प्रत्येक फेऱ्यास पकड कमी-जास्त होऊन चाकास झटका बसतो. चाकाचा घेर सुमारें २ मीटर धरला, तर तासीं ७२ किलोमीटर वेगानें तें सेकंदास १० फेरे घेतें. तितकेच झटके टाय रॉडवाटे आपल्या हातांत येतात.

हा जाडींतील फरक केवढा असावा? अवघा ०.०२ मिलिमीटर असला तरी पुरे होतो. आपण ज्या साध्या कागदावर अर्ज लिहितों त्याच्या जाडीचा हा जवळजवळ पांचवा हिस्सा. तेव्हां डोळ्यांनीं पाहून डिस्क वांकली म्हणणारा आणि ती ठीक आहे म्हणणारा, दोघेही मोजणीची सांखळी न टाकतां शेताची हद्द सांगत आहेत असें समजावें. उष्णतेनें चकती खरोखर वांकण्याचे प्रसंग थोडे. बहुतेक वेळां ती असमान झिजलेली असते, किंवा पॅडचा मसाला तिच्यावर डागासारखा चिकटलेला असतो.

आणि ही असमान झीज होते कशी, येथेंच सर्व मर्म आहे. डिस्क ज्या हबावर बसते त्याच्या तोंडावर गंज किंवा मातीचा खडा राहिला, तर नवी कोरी डिस्कही किंचित् तिरपी बसते. त्या दिवशीं कांहींच जाणवत नाहीं. परंतु ब्रेक न लावतांही ती तिरपी चकती दर फेऱ्यास पॅडला एकाच जागीं घांसत राहते, आणि कांहीं हजार किलोमीटरांनीं ती जागा पातळ होते. थरथर परत येण्याचें हें एक मोठें कारण. चाकाचे नट वेडेवांकडे आवळले तरी हाच परिणाम होतो. पंक्चर काढून घेतल्यावर एक नट पान्यावर उभें राहून आवळलेला व शेजारचा हातानेंच फिरविलेला, असें आपल्याकडे नेहमीं दृष्टीस पडतें. नट समोरासमोरचे जोडीनें, थोडेथोडे करून, सारख्या जोराचे आवळावयाचे असतात. पांच नट असतील तर एक सोडून एक घ्यावा. गाडीच्या पुस्तकांत त्या जोराचा आंकडा दिलेला असतो, व तो मोजणारा टॉर्क पाना मिळतो. पावसाळ्यांत गाडी पंधरा दिवस दारांत उभी राहिली तरी पॅडखालीं व आसपास गंज धरून चकतीवर ठसा उमटतो. कॅलिपरच्या पिना चिखलानें अडकल्या तर पॅड चकतीस सोडीतच नाहीं; मग तें एक चाक फार तापतें व गाडी एकीकडे ओढते.

आम्हीं महसूल खात्यांत कारकुनी केली. तेथें पंचनाम्यावांचून कागद पुढें सरकत नसे. गाडीचाही पंचनामा आधीं व्हावा. ब्रेक न लावतांही ८०-१०० च्या वेगास स्टीअरिंग हलत असेल तर दोष बहुधा ब्रेकांचा नव्हे, चाकांच्या तोलाचा आहे. आपल्या काळ्या रानांतून आलेल्या गाडीच्या रिमच्या आंतल्या अंगास चिखल वाळून बसतो, एवढ्यानेंही तोल बिघडतो. म्हणून प्रथम रिम आंतून धुवावें. तेवढ्यानें काम झालें तर खर्च बादलीभर पाण्याचा.

थरथर हातांत न येतां बैठकींत व ब्रेकच्या पायांत येत असेल तर मागील ड्रमचा संशय धरावा. हँडब्रेक मागच्या ड्रमांवर चालणारा असेल तर मोकळ्या, कोरड्या, सपाट रस्त्यावर ४० च्या वेगांत त्याची कळ दाबून धरून तो अगदीं हलके ओढावा. गाडी तशीच हादरली तर खूण पटली. विजेच्या बटणाचा हँडब्रेक असल्यास हा प्रयोग करूं नये. एकाएकीं जोरानें ब्रेक दाबला असतां पायाखालीं जी टकटक लागते ती मात्र एबीएस यंत्रणेची असते. तो दोष नव्हे.

पुढें चाक उचलून, गाडीखालीं भक्कम टेकू देऊन, तें वर-खालीं धरून हलवावें. खेळ लागला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट पाहावा. दोन्ही बाजूंस धरून हलविल्यावर लागला तर टाय रॉडचें टोंक. खालच्या आर्मचे बुश फाटले आहेत काय तेंही पाहावें. बैलगाडीची धाव ढिली झाली कीं लहान खडाही मोठा वाटतो, तसाच येथें डिस्कचा लहान दोष ढिल्या सांध्यांतून मोठा होऊन हातांत येतो.

इतकें झाल्यावर डायल गेज लावून डिस्कचा डोल व मायक्रोमीटरनें तिची जाडी आठ-दहा ठिकाणीं मोजावी. ही साधनें ज्या गॅरेजांत आहेत तेथेंच गाडी न्यावी असें आमचें मत आहे, मग तें थोडें दूर कां असेना. डिस्कवर किमान जाडीचा आंकडा कोरलेला असतो. लेथवर तासूनही जाडी त्याहून अधिक उरत असेल तर तासावी, एरवीं बदलावी. आणि बदलतांना पुढच्या दोन्ही बदलाव्या.

ब्रेक दाबतांना पाय खोल जाऊं लागला, गाडी एकीकडे जोरानें ओढूं लागली किंवा चाकाजवळ खटखट ऐकूं आली, तर मात्र गाडी पुढें नेऊं नये. मांजरसुंब्याचा घाट उतरून बीडकडे जातांना समोर उसाची ट्रॉली आडवी आली तर अशा ब्रेकांचा भरंवसा धरतां येत नाहीं. घाट खालच्या गिअरांत उतरावा, आणि खालीं पोंचल्यावर तापल्या ब्रेकवर पाय दाबून उभें राहूं नये. पॅडचा मसाला त्या जागीं चिकटतो.

नवी डिस्क बसवितांना मालकानें जवळ उभें राहावें. हबाचें तोंड तारेच्या ब्रशनें स्वच्छ करवून घ्यावें, डिस्क बसल्यावर गेज पुन्हां लावावयास सांगावें, आणि शंभरेक किलोमीटर गाडी चालल्यावर चाकांचे नट एकवार तपासावे.