पंधराव्या वर्षाचा कल

दहावीचा निकाल लागतो, अकरावीच्या पसंतीक्रमाचा घोळ सुरू होतो आणि त्याच सुमारास ‘ॲप्टिट्यूड टेस्ट’च्या जाहिरातींना ऊत येतो. दीड-दोन तास प्रश्न सोडवायचे, मग रंगीत आलेखांचा जाडजूड अहवाल हाती पडतो. त्यातले पालक वाचतात ते बहुधा शेवटचे पान : सायन्स, कॉमर्स की आर्ट्स? चाचणी करून घेण्यात गैर काही नाही. पण आवडी मोजणारी चाचणी निवाडा देण्यासाठी बनलेलीच नाही. ती बनली कशी, हे पाहिले की दहावीच्या मुलाच्या बाबतीत तिचा उपयोग उलट्या दिशेने करायला हवा, हे ध्यानात येते. पर्याय छाटायला नव्हे, वाढवायला.

एडवर्ड स्ट्राँग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९२७ मध्ये स्टॅनफर्डमध्ये जी प्रश्नावली तयार केली, तिच्यातली युक्ती आजही थक्क करते. ‘तुला इंजिनिअर व्हायला आवडेल का?’ या एका प्रश्नावर त्याने भिस्त ठेवली नाही. शेकडो व्यवसाय, शालेय विषय, करमणुकीचे प्रकार आणि माणसांच्या तऱ्हा त्याने समोर ठेवल्या आणि प्रत्येकापुढे आवडते, नावडते की दोन्ही नाही एवढेच विचारले. मग एकेका व्यवसायात मुरलेल्या लोकांची उत्तरे सर्वसाधारण लोकांपेक्षा कुठे वेगळी पडतात ते शोधून गुणदानाची किल्ली बनवली. म्हणजे इंजिनिअरच्या श्रेणीत गुण जास्त पडले, तर तुमच्या आवडीनिवडी आज इंजिनिअर असलेल्यांशी जुळतात, इतकेच. ते काम तुम्हाला जमेल की नाही, याबद्दल चाचणी अवाक्षर काढत नाही. शिवाय त्या व्यवसायात आजवर ज्यांना शिरकावच मिळाला नाही, त्यांच्या आवडी किल्लीत येणार कुठून? स्ट्राँगने १९३३ मध्ये स्त्रियांसाठी वेगळी प्रश्नावली काढली. पुरुषांची निळी, स्त्रियांची गुलाबी. आणि गुलाबी प्रश्नावलीत ‘गृहिणी’ हीसुद्धा एक श्रेणी होती. दोन्ही एकत्र व्हायला १९७४ साल उजाडले. तोवर मोजमाप शास्त्रशुद्धच चालले होते. मोजले जात होते ते मात्र त्या काळाचे रीतिरिवाज.

आपल्याकडे हा पेच अधिक घट्ट आहे. ‘बिघडलेला पंखा उघडून पाहायला आवडेल का?’ असा प्रश्न समजा विचारला. जिच्या हातात घरात कधी पाना किंवा स्क्रू-ड्रायव्हर दिलाच गेला नाही, ती मुलगी ‘नाही’वर खूण करणार आणि अहवालात तांत्रिक क्षेत्राचा स्तंभ बुटका दिसणार. हा कल नव्हे, अनुभवाची उणीव आहे. राज्य सरकारने २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या मुलांची कल चाचणी घेतली. तिच्यात कृषी, वाणिज्य, ललित कला, गणवेशधारी सेवा अशी क्षेत्रे होती. हेतू स्तुत्यच. पण ज्या गावात गणवेशातला माणूस रोज दिसतो आणि वास्तुरचनाकार कधीच दिसत नाही, तिथल्या मुलाचा कल कुठे झुकेल हे सांगायला चाचणी कशाला हवी? काही चाचण्यांत आणखी एक मेख असते. तीन कामे देतात. त्यांतले सर्वांत आवडते आणि सर्वांत नावडते निवडायचे. अशा मांडणीत कुठला तरी स्तंभ उंच येणारच. सगळ्यात रस असलेल्या मुलाचा आणि कशातच रस नसलेल्याचा आलेख हुबेहूब सारखा निघू शकतो.

यावर समुपदेशक म्हणतील, काकांच्या सल्ल्यापेक्षा आणि मित्र जातोय म्हणून जाण्यापेक्षा हे बरे की! बरे आहेच. आवडी म्हणजे निव्वळ लहर नव्हे, हेही संशोधनाने दाखवले आहे. २००५ मध्ये लो, राउंड्स आणि सहकाऱ्यांनी बारा ते चाळीस वर्षे वयापर्यंतचे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा आवडी बऱ्यापैकी टिकाऊ निघाल्या. पण त्याच अभ्यासात असेही आढळले की किशोरवयात हा टिकाऊपणा फारसा वाढत नाही. तो झपाट्याने वाढतो अठरा ते बावीस या वयात. आपण शाखेचा कप्पा बंद करतो तो त्याच्या दोन-तीन वर्षे आधी. जुळणीचा लाभ तरी किती? आवडीशी जुळणारे काम आणि कामातले समाधान यांचा सहसंबंध २०२०च्या एका व्यापक विश्लेषणात ०.१९ इतकाच निघाला. शून्य नाही, पण त्यावर आयुष्य पणाला लावावे इतकाही नाही. वरिष्ठ, पगार, घरापासूनचे अंतर यांचा समाधानातला वाटा चाचणीच्या कक्षेबाहेरच राहतो.

‘आवड सोडा, अभिक्षमता तर वस्तुनिष्ठ असते ना?’ हा दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. भाषिक, सांख्यिक, अवकाशीय क्षमतांच्या कसोट्या नीट प्रमाणित केल्या तर बरेच काही सांगतात. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीत उषाताई खिरे यांनी मानसशास्त्रज्ञ गिल्फर्डच्या बुद्धिरचनेच्या प्रतिमानावर केलेले काम पाहिले, की त्यामागे किती वर्षांची मेहनत लागते ते कळते. अडचण आहे ती या मेहनतीच्या नावावर खपणाऱ्या मालाची. बोटांच्या ठशांवरून करिअर सांगणारी ‘डीएमआयटी’ही याच बाजारात विकली जाते. तिला शास्त्रीय आधार नाही, असे भारतीय मनोचिकित्सक संघटनेने स्पष्ट केले आहे. आणि जो क्लास चाचणी फुकट घेतो, त्याच्या अहवालात त्याच क्लासचा अभ्यासक्रम सुचवलेला निघाला तर नवल नको.

तेव्हा पैसे भरण्याआधी विचारा : या चाचणीची प्रमाणके कुठल्या मुलांवर काढली, मराठी माध्यमाची आणि गावाकडची मुले त्यांत होती का, आणि अहवाल समजावून द्यायला माणूस किती वेळ बसणार? उत्तरे गुळमुळीत आली तर उठून या. अहवाल घेतलाच असेल, तर त्यातल्या सर्वांत बुटक्या स्तंभावर बोट ठेवा आणि मुलीला विचारा, हे काम तू कधी करून पाहिले आहेस का? ‘नाही’ म्हणाली, तर प्रवेशाची फेरी लागण्याआधी दोन दिवस तिला एखाद्या वर्कशॉपमध्ये, प्रयोगशाळेत, नर्सरीत नेऊन आणा.